घाटात तापणारी जीप: इंजिनवरचा फॅन ठेवायचा की इलेक्ट्रिक बसवायचा?

गाडी यवतेश्वरच्या चढाला तापली, की संध्याकाळपर्यंत कुणीतरी सल्ला देतोच, "तो जुना फॅन काढून टाक आणि इलेक्ट्रिक बसव." मग भंगारातून कुठल्यातरी कारचा फॅन येतो, रेडिएटरच्या जाळीतून प्लॅस्टिकच्या पट्ट्या ओवून तो बांधला जातो आणि डॅशबोर्डवर एक बटण लागतं. पुढच्या पावसाळ्यात तीच गाडी परत तापते. शिवाय आता बॅटरीही उतरायला लागलेली असते.

चूक फॅनच्या निवडीत नंतर होते, त्याआधी क्रमात होते. गाडी कधी तापते हे न बघता फॅन बदलला जातो. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. पहिल्या दोन टप्प्यांतच दुखणं सापडलं तर पुढचं वाचायची गरजही पडणार नाही.

हे लिहिताना डोळ्यांसमोर आपल्याकडच्या गाड्या आहेत: एमएम ५४०, मेजर, कमांडर, जुनी थार, जिप्सी. साताऱ्याकडे त्या घाटात आणि जांभ्याच्या लाल चिखलात फिरतात. सांगलीकडे काळ्या रानात, उसाच्या फडात आणि जत-आटपाडीच्या उन्हात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. जुनी डिझेल जीप असेल आणि चिखल-पाण्यात जायचं असेल, तर इंजिनवरचा फॅन ठेवा आणि त्याला नीट श्राउड, म्हणजे रेडिएटरला लागून फॅनभोवती असणारं कवच, बसवा. इलेक्ट्रिकला विरोध नाही, पण तो बसवायची कारणं वेगळी आहेत. ती टप्पा ५ मध्ये.

## टप्पा १: गाडी कधी तापते ते लिहून काढा

"चढाला तापते" एवढ्यावर काही ठरत नाही. आठवडाभर एक वही गाडीत ठेवा. काटा वर गेला की चार गोष्टी टिपा: वेग, गियर, एसी चालू होता का, आणि गाडी थांबवून इंजिन चालू ठेवल्यावर काटा खाली आला की आणखी वर गेला.

मग असं वाचा:

उभ्या गाडीत किंवा माणसाच्या चालीने तापते, वेग घेतला की उतरते. आष्टा रस्त्याला उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे अडकल्यावर असं होतं. ही हवेची तक्रार आहे. फॅन, श्राउड किंवा जाळी, यांतलं काहीतरी.

सपाट हायवेला ८०च्या वेगाने तापते. या वेगात समोरून येणारा वाराच पुरतो, फॅनला फारसं काम नसतं. म्हणजे रेडिएटर आतून बुजलाय, थर्मोस्टॅट (पाणी गरम झाल्यावर उघडणारी झडप) अडकलाय, वॉटर पंप पाणी ढकलत नाही किंवा हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) गेलंय. इथे जगातला कुठलाही फॅन लावलात तरी पैसे पाण्यात.

खंबाटकी किंवा पसरणीला दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये, पूर्ण जोर लावताना तापते. हा सगळ्यात फसवा प्रकार. इंजिनचे फेरे भरपूर असतात, त्यामुळे इंजिनवरचा फॅन चांगला फिरत असतो. तरीही तापत असेल तर आधी रेडिएटर आणि पाण्याचा प्रवाह बघा, मग व्हिस्कस क्लच (फॅनचा तेलावर चालणारा क्लच, टप्पा ३ बघा). याच प्रकारात लोक सगळ्यात जास्त इलेक्ट्रिक फॅन बसवतात, आणि इथेच तो सगळ्यात कमी उपयोगी पडतो.

लो रेंजमध्ये, म्हणजे फोर-व्हीलच्या हळू गियरमध्ये, दगडांतून सरपटताना तापते. वारा शून्य, फेरे मध्यम, इंजिनवर भार भरपूर. इथे फॅनचा खरा कस लागतो.

तपासणी: मीटरच्या काट्यावर आंधळा विश्वास नको. जुन्या जीपचा काटा अर्थिंग खराब असलं की मनाचं दाखवतो. दुरून तापमान मोजणारं इन्फ्रारेड थर्मामीटर आणा आणि रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या टाकीवर मारा. पितळेची टाकी चकचकीत असेल तर ते चुकीचं, कमी तापमान दाखवतं. टाकीवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर मोजा. दोन टाक्यांत साधारण ६ ते १० अंशांचा फरक ठीक. फरक फारच मोठा असेल तर पाणी नीट फिरत नाही. फरक बेताचा असून दोन्ही टाक्या गरम असतील तर हवा कमी पडतेय किंवा रेडिएटरच लहान आहे.

## टप्पा २: फॅनला हात लावण्याआधी बाकीचं तपासा

इशारा: गरम इंजिनाचं रेडिएटर झाकण उघडायचं नाही. फडकं टाकूनसुद्धा नाही. टाकी हाताला कोमट लागेपर्यंत थांबा.

झाकण. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित वस्तू. महाबळेश्वर साधारण १,३७० मीटरवर आहे, तिथे उघडं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. ०.९ बारचं झाकण नीट दाब धरत असेल तर तेच पाणी ११५च्या पुढे उकळेल. झाकणाचा रबर कडक झाला असेल, स्प्रिंग ढिली असेल, तर काटा लालमध्ये जाण्याआधीच पाणी उकळून बाहेर येतं आणि बोल लागतो फॅनला. झाकण बदला, आणि कंपनीने दिलेल्या दाबाचंच घ्या. जास्त दाबाचं लावलंत तर जुने पाइप आणि टाकीचे सांधे फुटतील.

जाळी. गळीत हंगामात उसाच्या पट्ट्यात फिरणाऱ्या गाडीची जाळी एकदा टॉर्च लावून बघाच. तुऱ्याचा कापूस आणि पाचटाचा भुगा पुढून दिसत नाही. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत तो गादीसारखा बसलेला असतो. कंडेन्सरचे वरचे बोल्ट सोडून तो थोडा पुढे कलवला की बोटाने ओढून पट्टाच्या पट्टा निघतो. मग पाण्याने धुवा, पण इंजिनच्या बाजूने पुढच्या दिशेला. कचरा जिकडून आला तिकडूनच बाहेर गेला पाहिजे. वॉशिंग सेंटरवरचा जोराचा फवारा जवळून मारू देऊ नका, जाळीच्या पात्या आडव्या होतात आणि मग हवा कायमची बंद.

थर्मोस्टॅट. "काढून टाकला की गाडी तापत नाही" हे ऐकून तो काढलेला असेल तर परत बसवा. डिझेल इंजिन थंड राहिलं की धूर मारतं, तेल खराब करतं. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट नसला की पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालूनच फिरतो. तपासायला तो पातेल्यात पाण्यात टाका आणि गॅसवर ठेवा. त्यावर ८२ छापलं असेल तर ८२च्या आसपास उघडायला सुरुवात झाली पाहिजे.

हेड गॅस्केट. थंड इंजिन, झाकण उघडं, गाडी सुरू करा. टाकीत एकसारखे बुडबुडे येत राहिले, किंवा रेस केल्यावर पाणी उसळून वर आलं, तर फॅनचा विषय इथेच बंद. आधी हेड उतरवा.

पट्टा. दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबल्यावर साधारण १० ते १२ मिलिमीटर दबला पाहिजे. पट्टा आतून चकाकत असेल तर तो घसरतोय. घसरणाऱ्या पट्ट्यावर फॅन आणि वॉटर पंप दोन्ही अर्धपोटी काम करतात.

एवढं झाल्यावर पुन्हा त्याच चढाला गाडी घाला. पुष्कळ गाड्या इथेच बऱ्या होतात.

## टप्पा ३: आपल्या गाडीत कुठला फॅन आहे आणि तो धड आहे का

इंजिनवरचा फॅन दोन प्रकारचा. पहिला थेट वॉटर पंपाच्या पुलीवर बोल्टने बसवलेला, कायम फिरणारा. त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नाही. पाती रिव्हेटजवळ चिरली आहेत का ते नखाने बघा. चिरलेली पाती वेल्डिंग करून वापरू नका. तोल जातो, आणि सुटलेली पाती रेडिएटर किंवा बॉनेट फाडून बाहेर येते.

दुसरा व्हिस्कस क्लचचा. मध्ये बाहेरून बारीक धातूच्या कडा असलेला गोल डबा असतो, त्यात सिलिकॉन तेल. पुढच्या बाजूला धातूची एक चपटी गुंडाळी असते. रेडिएटरमधून येणारी हवा गरम झाली की ती गुंडाळी आतली झडप उघडते, तेल कामाला लागतं आणि फॅन इंजिनाबरोबर फिरू लागतो. हवा थंड असली की फॅन ढिला पडतो.

व्हिस्कस तपासायची रीत:

१. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर पहिला एखादा मिनिट फॅनचा घोंगावता आवाज येऊन मग कमी झाला, तर लक्षण चांगलं.

२. इंजिन बंद, थंड. हाताने फॅन फिरवा. थोडा जड लागला पाहिजे. हाताने भिरकावल्यावर गरगर फिरत राहिला तर आतलं तेल गेलं.

३. गाडी चांगली तापवून बंद करा, परत फिरवा. आता तो आधीपेक्षा जड हवा.

४. डब्याच्या मध्यभागातून बाहेरच्या दिशेला तेलाचे ओघळ आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसली तर क्लच बदला.

५. फॅनचं पातं धरून पुढे-मागे हलवा. खेळ जाणवला तर तो क्लचच्या बेअरिंगचा की वॉटर पंपाचा ते वेगळं करा.

त्या चपट्या गुंडाळीवर चिखल वाळला असेल तर तिला गरम हवा लागतच नाही आणि क्लच उशिरा पकडतो. काळी माती यात फार वाईट. जुन्या टूथब्रशने साफ करा. स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका, गुंडाळी वाकली की तिचं गणित बिघडतं. नवा किंवा सुटा व्हिस्कस क्लच आडवा ठेवायचा नाही, उभाच ठेवायचा, नाहीतर आतलं तेल भलतीकडे जातं.

## टप्पा ४: विजेचा हिशोब, कागदावर

इलेक्ट्रिक फॅनचा विचार डोक्यात असेल तर हा टप्पा चुकवू नका. गॅरेजात ज्याला अजून सर्रास डायनामो म्हणतात त्या अल्टरनेटरवर किती अँपियर लिहिलंय ते आधी वाचा. जुन्या जीपांत तो लहान असतो, ३५-४५ अँपियरचा बराच आढळतो. हा आकडा भरपूर फेऱ्यांवरचा आहे. आयडलला, म्हणजे पाय न देता इंजिन जागेवर चालू असताना, त्याच्या निम्मंही मिळेल याची खात्री नाही.

आता पावसातल्या रात्रीचा खर्च मांडा. हेडलाइट दोन्ही मिळून ९-१० अँपियर. टेल, पार्किंग, मीटरचे दिवे २-३. वायपर ४-५. काच पुसायला ब्लोअर लावला तर आणखी ५-८. हे झाले २० ते २६. त्यावर रेडिएटरचा एक धड फॅन १५ ते २५ अँपियर, आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या दुप्पट-तिप्पट. बेरीज ३५ ते ५०वर गेली. गाडी ट्रकच्या मागे पहिल्या गियरमध्ये, म्हणजे अल्टरनेटर अर्धाच चालतोय. उरलेलं सगळं बॅटरीतून जाणार. बॅटरीचा दाब (व्होल्ट) पडला की फॅन हळू होतो, फॅन हळू झाला की गाडी तापते.

तपासणी: इंजिन आयडलला, दिवे, वायपर, ब्लोअर सगळं चालू करून बॅटरीवर मल्टिमीटर लावा. इलेक्ट्रिक फॅन अजून लावलेला नाही, तरीही आकडा १३ व्होल्टच्या खाली जात असेल तर या अल्टरनेटरवर फॅन बसवायचा नाही. आधी मोठा अल्टरनेटर, मग फॅन.

"इलेक्ट्रिक फॅनने इंजिनची ताकद वाचते" हे अर्धं खरं. फॅनचे फेरे दुप्पट झाले की हवा साधारण दुप्पट होते, पण तो फिरवायला ताकद आठपट लागते. म्हणून कायम जोडलेला फॅन जास्त फेऱ्यांवर खरंच ताकद खातो. पण वीजही फुकट येत नाही, तीही पट्ट्यावरूनच येते आणि वाटेत बरीच वाया जाते. व्हिस्कस चांगला असेल तर हा फायदा ऑफरोडच्या वेगात हाताला लागत नाही.

## टप्पा ५: निवड

आता खरा निर्णय. मी हे प्रश्न याच क्रमाने विचारतो.

अल्टरनेटर बंद पडला तर घरी कसे याल? जुन्या मेकॅनिकल पंपाच्या डिझेलला चालू राहायला वीज जवळपास लागत नाही. इंजिनवरचा फॅन असेल तर चाळकेवाडीच्या पठारावर डायनामो गेला तरी तुम्ही दिवसाउजेडी साताऱ्यात उतरता. इलेक्ट्रिक फॅन असेल तर डायनामोबरोबर कूलिंगही गेलं. पेट्रोल गाडीला स्पार्कसाठी वीज लागतेच, तिथे हा मुद्दा हलका होतो. जुन्या डिझेलसाठी मात्र माझ्या लेखी हा एकच मुद्दा बाकी सगळ्यांना भारी आहे.

पाण्यात किती वेळा उतरता? पाटण तालुक्यातल्या ओढ्यांतून पावसाळ्यात वरचेवर जाणं असेल तर इलेक्ट्रिकचा एक स्पष्ट फायदा आहे: बटणाने फॅन थांबवता येतो. कायम जोडलेला फॅन पाण्यात शिरला की पाती पुढे ओढली जातात आणि रेडिएटरला घासतात. व्हिस्कस या दोघांच्या मध्ये.

इंजिन बदललंय का? दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवलेल्या जीपमध्ये पंपाचं टोक रेडिएटरच्या मध्यावर येतच नाही, किंवा मध्ये जागाच उरत नाही. मग इलेक्ट्रिकला पर्याय नाही. वाद घालत बसू नका, टप्पा ७ला जा.

फक्त एसी लावून उभं राहिल्यावर तापते का? मग इंजिनवरचा फॅन ठेवून कंडेन्सरपुढे एक लहान इलेक्ट्रिक फॅन जोडा. एसीचा कंप्रेसर लागला की तो लागेल. खर्च कमी, आणि तो बंद पडला तरी मूळ फॅन आहेच.

यातलं काहीच लागू नसेल तर इंजिनवरचाच फॅन ठेवा. कायम जोडलेला असेल आणि तुमच्या इंजिनला व्हिस्कस बसत असेल तर व्हिस्कस करा.

## टप्पा ६: इंजिनवरचा फॅन ठेवायचा ठरला तर

जुन्या जीपमधून हरवलेली पहिली वस्तू म्हणजे श्राउड. रेडिएटर एकदा दुरुस्तीला गेला की परत येताना तो "अडचण होते" म्हणून बसवलाच जात नाही. श्राउड नसेल तर फॅन जाळीतून हवा ओढायच्या ऐवजी बाजूची गरम हवाच गोल फिरवतो.

१. आधी इंजिनचे रबरी माउंटिंग बघा. एकाने हँडब्रेक आणि ब्रेक धरून क्लच हलका सोडायचा, दुसऱ्याने बाजूला उभं राहून इंजिन किती उचललं जातं ते बघायचं. माउंटिंग फाटलेलं असेल तर उतारावर जोरात ब्रेक लावल्यावर फॅन श्राउडला किंवा जाळीला लागतो.

२. श्राउड जुना मिळाला नाही तर पत्र्याचा करून घ्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा जवळच्या कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडे होईल. आधी पुठ्ठ्याचा नमुना गाडीत बसवून बघा, मगच पत्रा कापू द्या.

३. पात्याचं टोक आणि श्राउडची कड यांत सगळीकडे २० ते २५ मिलिमीटर मोकळं ठेवा. इंजिन हलतं, श्राउड हलत नाही.

४. पात्याची रुंदी अर्धी श्राउडच्या आत, अर्धी इंजिनच्या बाजूला बाहेर. पूर्ण आत घातलेला फॅन हवा नीट फेकू शकत नाही.

५. फॅन आणि जाळी यांत किमान २५ मिलिमीटर हवेतच.

६. श्राउड आणि रेडिएटर यांच्यातली फट रबराच्या पट्टीने बंद करा.

तपासणी: इंजिन गरम, आयडल. वर्तमानपत्राचं एक पान रेडिएटरच्या पुढच्या बाजूला धरा. मध्यभागीच नाही, चारी कोपऱ्यांत धरून बघा. जिथे पान चिकटत नाही तिथून हवा जात नाही. फॅनच्या बाजूने हे करायचं नाही.

## टप्पा ७: इलेक्ट्रिक बसवायचा ठरला तर

जागा मोजा. जुना फॅन काढल्यावर पंपाच्या पुलीच्या टोकापासून जाळीपर्यंतचं अंतर घ्या. नव्या फॅनची मोटरसकट जाडी अधिक २५ मिलिमीटर एवढं तरी हवं. बसत नसेल तर मोटर मध्यापासून बाजूला सरकवून बघा.

फॅन रेडिएटरच्या मागेच लावा, हवा ओढणारा. पुढे लावलेला फॅन वाऱ्याची वाट अडवतो आणि पहिला चिखल त्याच्याच अंगावर येतो.

खोक्यावरच्या हवेच्या आकड्याला भुलू नका. तो आकडा बहुतेक वेळा मोकळ्या हवेतला असतो. जाडजूड रेडिएटरमागे त्यातला बराच गळून पडतो. त्यापेक्षा तो किती अँपियर खातो ते क्लँप मीटरने बघा. ६-७ अँपियर खाणारा फॅन डिझेल जीप थंड ठेवणार नाही, जाहिरात काहीही म्हणो.

पुलीचे बोल्ट. हे कुणी सांगत नाही. जुन्या फॅनचे बोल्ट फॅन आणि स्पेसर दोन्हींतून जाऊन पुली धरत असतात. फॅन काढून तेच लांब बोल्ट परत लावले तर ते तळाला टेकतात, घट्ट झाल्यासारखे वाटतात आणि पुली आत ढिलीच राहते. त्याच आट्यांचे आखूड बोल्ट आणा.

बांधणी. जाळीतून ओवायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या वापरू नका. खडबडीत वाटेवर फॅन हलतो, पट्टी नळीला घासते आणि एक दिवस नळी गळते. रेडिएटरच्या बाजूच्या पट्ट्यांना लोखंडी पट्टीची चौकट बोल्ट करा आणि फॅन तिच्यावर बसवा.

श्राउड इथेही हवाच. उघडा गोल फॅन त्याच्या गोलापुरतीच हवा ओढतो, कोपरे कोरडे. पण पूर्ण बंद श्राउड आणि लहान फॅन असं केलंत तर हायवेला समोरचा वारा आत कोंडतो. म्हणून श्राउडला रबराच्या झडपा ठेवा: फॅन चालू असताना त्या ओढल्या जाऊन बंद, वेगात वाऱ्याने उघड्या.

वायरिंग. क्रम असा:

१. बॅटरीच्या प्लसवरून ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर काढा. बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज, २०-२५ अँपियरच्या फॅनला ३० ते ४० चा.

२. तिथून ४० अँपियर रिलेच्या (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) ३० नंबरवर. ८७ नंबरवरून फॅनला. फॅनची अर्थ वायर तेवढ्याच जाडीची, बॉडीच्या रंगावर नाही, घासून उघड्या केलेल्या लोखंडावर किंवा सरळ बॅटरीच्या मायनसवर.

३. रिलेच्या ८६ला चावीनंतरचा करंट, ८५ तापमानाच्या स्विचमधून अर्थला.

४. रिले उंचावर, फायरवॉलजवळ, तोंड खाली करून बसवा. पाणी आत साठत नाही.

फॅन थेट डॅशबोर्डच्या बटणातून चालवू नका. बटण वितळतं, आणि ते वितळेपर्यंत फॅनला पुरेसा दाबही मिळत नाही.

तपासणी: फॅन चालू असताना बॅटरीवरचे व्होल्ट आणि फॅनच्या दोन वायरींवरचे व्होल्ट मोजा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर वायर बारीक आहे किंवा जोड कच्चा आहे.

तापमानाचा स्विच. नियम साधा: स्विच ज्या तापमानाला फॅन बंद करतो ते थर्मोस्टॅट उघडण्याच्या तापमानापेक्षा वर हवं. थर्मोस्टॅट ८२चा, तर वरच्या टाकीत ९२ला चालू, ८७ला बंद असा स्विच ठीक. ८० ला बंद होणारा लावलात तर फॅन कधी थांबणारच नाही. खालच्या टाकीत बसवणार असाल तर तिथलं पाणी थंड झालेलं असतं, त्या हिशोबाने ६ ते १० अंश कमीचा घ्या.

पितळी टाकी असेल तर रेडिएटरवाला स्विच बसवायला आट्यांचा जाड तुकडा (बॉस) डागून देतो. प्लॅस्टिकच्या टाकीला ते होत नाही, तिथे रबरी पाइप कापून मध्ये स्विचची धातूची नळी बसवतात. ही नळी दोन्हीकडून रबराने वेढलेली, म्हणजे तिला अर्थच नाही. एका पिनचा स्विच असेल तर नळीला वेगळी अर्थ वायर द्या. "नवीन स्विच खराब निघाला" या तक्रारींमागे बऱ्याचदा हेच असतं.

तीन जागांचं बटण: आपोआप, कायम चालू, बंद. 'बंद'च्या जागेला एक लाल दिवा जोडाच. ओढा ओलांडून गेल्यावर फॅन बंद असल्याचं आठवत नाही, आणि आठवण होते ती वाफ दिसल्यावर.

दिशा. वायरी उलट लागल्या तर फॅन फिरतो, आवाज येतो, सगळं छान दिसतं, पण हवा पुढे ढकलली जाते. पुन्हा तीच कागदाची तपासणी.

इशारा: रिलेच्या ८६चा करंट चावीनंतरचा न घेता थेट बॅटरीवरून घेतला असेल तर चावी काढल्यावरही फॅन अचानक सुरू होऊ शकतो. बॉनेटखाली हात घालण्याआधी फॅनचा कनेक्टर काढा.

## टप्पा ८: ओढ्यात उतरण्याआधी

पाणी वाहतं, गढूळ आणि चढतं असेल तर हा टप्पा वाचायचा नाही, मागे फिरायचं.

उथळ, तळ दिसणाऱ्या पाण्यासाठी: आधी थांबा. तापलेल्या गाडीने तसंच आत घुसू नका. व्हिस्कस असेल तर चार-पाच मिनिटं आयडलला ठेवा, काटा खाली आला की क्लच ढिला होतो आणि पाण्याला कमी जोर लावतो. कायम जोडलेला फॅन असेल तर ग्रिलवर ताडपत्री बांधा आणि कमी फेऱ्यांवर, एकसारख्या चालीने जा. पट्टा काढून जायची एक जुनी युक्ती आहे. पण बहुतेक जुन्या इंजिनांत त्याच पट्ट्यावर वॉटर पंपही असतो, म्हणून मला ती पटत नाही.

इलेक्ट्रिक असेल तर काठावरच बटण 'बंद'ला, पलीकडे पाणी निथळू द्या, मग 'आपोआप'ला. पाण्यात फिरणारी मोटर जास्त करंट ओढते. फ्यूज उडाला तर नशीब, जाड फ्यूज लावला असेल तर वायर जळते.

घरी आल्यावर कनेक्टर काढून इलेक्ट्रिक फॅन हाताने एकदा फिरवा. आत वाळलेला चिखल मोटर जाम करतो आणि ते पुढच्या चढालाच कळतं.

## टप्पा ९: चाचणी

एका दिवसात, याच क्रमाने:

१. दुपारच्या उन्हात उभी गाडी, आयडल, एसी असेल तर चालू, २० मिनिटं. काटा एका जागी थांबला पाहिजे. इलेक्ट्रिक फॅन लागला आणि सुटला पाहिजे. एकदा लागून सुटलाच नाही तर तो कमी पडतोय किंवा स्विच चुकीचा आहे.

२. समर्थ मंदिराकडून यवतेश्वर घाट, दुसऱ्या गियरमध्ये. वर पोचल्यावर लगेच इंजिन बंद करू नका. दोन-तीन मिनिटं आयडलला ठेवून दोन्ही टाक्यांचं तापमान घ्या. सांगलीकरांनी शिराळ्याच्या बाजूचा एखादा लांब चढ धरावा.

३. लो रेंज, पहिला गियर, स्वतःच्या किंवा परवानगीच्या रानात अर्धा तास. कासच्या सड्यावर चाचणी करायची नाही. २०१२ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे, आणि चाकाखाली गेलेलं तिथलं पातळ मातीचं अंग परत भरत नाही.

४. रात्री दिवे, वायपर, ब्लोअर, फॅन सगळं चालू, आयडल. इलेक्ट्रिकवाल्यांनी बॅटरीवर मल्टिमीटर लावून १० मिनिटं बघा. आकडा १२.६च्या खाली उतरत राहिला तर टप्पा ४ला परत.

चाचणी झाल्यावर दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर सगळे बोल्ट पुन्हा आवळा, कूलंटची पातळी बघा, श्राउडच्या कडेला पात्याचा ओरखडा उठलाय का ते बघा. गाडीत कायम ठेवायच्या वस्तू: एक पट्टा, रेडिएटरचं झाकण, पाच लिटर पाणी, आणि इलेक्ट्रिक असेल तर एक रिले, दोन फ्यूज आणि रिले गेल्यास फॅन सरळ जोडायला, मध्ये फ्यूज असलेली, दोन्हीकडे क्लिपा लावलेली हातभर वायर.